चूल आहे का आत

उतारा हा शब्द दोन्हीकडं एकच, एवढं बरं आहे.
वडगावच्या घराचा उतारा, घरपट्टीची पावती,
आणि पेन्सिलीनं काढलेलं परडं:
शेवगा, मोरी, कपड्यांचा धोंडा,
मधे चौकोन, बारा बाय अठरा.
हे सगळं पिशवीत घालून
मी महापालिकेच्या खिडकीशी उभा.

चौकोन रेश्माचा.
गडहिंग्लजहून आली ती दोन बॅगा, विराज
आणि शिलाई मशीनचं नुसतं डोकं घेऊन.
आठवडाभर गप्प. मग भांडी घासता घासता म्हणाली,
तुमच्याजवळ राहीन बाबा, तुमच्यात नको.
दार माझं पाहिजे.

आता दाराचा नियम कुठं मिळतो?
गवंडी म्हणाला, तीन फूट सोडा की, कोण बघतंय.
पलीकडच्या गल्लीत एकानं काहीच सोडलं नाही,
तो सुखात आहे.
एकानं चार सोडले, त्याला नोटीस.
खिडकीतला पोरगा म्हणाला, नियम वरच्या मजल्यावर.
वरच्या मजल्यावरचे साहेब मीटिंगला.
नाळे बन्नी. उद्या या.
उद्या म्हणजे कधी, हे कुठल्याच भाषेत ठरलेलं नाही.

सत्तावीस वर्षं मी कंडक्टर, बेळगाव ते चंदगड.
शिनोळीला राज्य बदलायचं,
पायाशी बांधलेल्या कोंबडीला त्याचं काही नसायचं.
कन्नड बोलतो. वाचतो, पण पाट्यांपुरतं.
हा कागद पाट्यांसारखा बोलत नाही.
अक्षर लावत लावत चौथ्या ओळीत
एक ओळखीचा शब्द भेटला: गडी.
माझ्याकडं गडी म्हणजे माणूस, खेळातला भिडू.
कागदाकडं गडी म्हणजे हद्द.
गडीपासून अमुक इतकं सोडावं,
आणि अमुकच्या जागी झेरॉक्सची काळी रेघ.

कडेमनी नकाशे काढून देतात.
आडनावाचा अर्थ कडेचं घर, त्यांनीच हसत सांगितला.
माझा चौकोन उलटासुलटा बघून विचारलं,
चूल आहे का आत?
चूल असली तर दुसरं घर, त्याचं सगळंच वेगळं.
नसली तर नुसती खोली.
मग पेनचं टोपण काढत,
स्टोअर रूम लिहू काय? लवकर सुटेल.

स्टोअर रूममध्ये काय काय असतं ते मी मनात मोजलं.
सायकलचं चाक, गव्हाचा डबा,
गणपतीची मखर, फुटकी बादली.
नको म्हणालो.
का नको, ते सांगता आलं नाही,
दोन्ही भाषा येत असून.

संध्याकाळी बसवण्णेप्पा भिंतीवरून बोलले,
सही देतो, पण शेवगा तोडायचा नाही.
निम्म्या शेंगा माझ्याकडं पडतात.
मग स्वतःच टेप घेऊन आले.
एका कडेला फूट, दुसऱ्या कडेला मीटर,
ते एक वाचत होते, मी दुसरं.
खुंटी एकाच जागी ठोकली.
अंधार पडेपर्यंत मी फक्की टाकली,
दारासाठी अडीच फूट मोकळं ठेवून.

रात्री मोरीकडं गेलो तर
फक्कीच्या आत स्टो पेटलेला.
रेश्मा दुधावर वाकलेली,
आणि विराज आत-बाहेर करतोय,
भिंत नाही तरी दारातूनच.
कडेमनींच्या हिशेबानं हे घर झालं.
बिनपरवान्याचं.

मला हाक मारली. मीही दारातूनच गेलो.

मंगळवारी परत बोलावलंय.
फोटो दोन, उताऱ्याच्या झेरॉक्स तीन.
चहात साखर जास्त होती.
बोललो नाही.
पाहुणा होतो.